लाल रांगोळीची रेघ

या, असे जवळ या. फाटकाशी उभं राहून काय बोलता, मी काय तुम्हाला परकी आहे? पण जरा खाली पाहून या ना! झालं, दिलाच पाय रेघेवर. दरवेळी सांगते, माझ्या अंगणात फाटकापासून पायरीपर्यंत जी लाल रांगोळीची रेघ आहे ती शोभेसाठी नाही, चालण्यासाठी आहे; पण चपला काढून, आणि नीट. जा, परत फाटकाशी जा. आता मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच टेकवत, एकेक पाऊल असं या. हात पसरू नका. आणि हसू तर मुळीच नका.

"अंगठ्याले टाच लावा अन् या."

हे वाक्य माझं नाही. शेजारच्या घरातल्या माणसाचं आहे. त्या घराला आता कुलूप आहे, आणि किल्ली माझ्या कपाटात, पोह्याच्या डब्यामागे. आमचं सगळं केळझर गाव त्यांना ब्रदर म्हणायचं. दवाखान्यात नर्सबाईला सिस्टर म्हणतात, तसं पुरुष असला की ब्रदर. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, आणि मला. मी सांगणार नाही. त्यांना आवडायचं नाही.

आधी ते फौजेत होते. तिथंही काम नर्सिंगचंच, आणि बरीच वर्षं बर्फात गेलेली. मग इकडे एका दवाखान्यात लागले. पण एप्रिल लागला की रजा टाकून हिमालयात जायचे, शिखरं चढणाऱ्यांच्या छावणीत औषधपाण्याचा माणूस म्हणून. इथं आम्ही कूलरमध्ये घागरी ओतून जीव जगवायचो, आणि हा माणूस ट्रंकेतून लोकरीचे मोजे काढून कुंपणावर उन्हाला टाकायचा. मोज्यांकडे पाहूनच आम्हाला घाम फुटायचा.

"ब्रदर चालले थंड हवा खायले!" जाणारे-येणारे म्हणायचे.

"हाव ना," ब्रदर म्हणायचे, "तिथं हवाच खायले भेटत नाई, म्हणून तं जातो."

आम्हाला वाटायचं, गंमत करतात. आमच्याकडे डोंगर म्हणजे गणपतीची टेकडी. पायऱ्या चढून गेलं, घंटा वाजवली, प्रसाद घेतला, उतरलो. डोंगरावर हवा कमी असते आणि त्या कमी हवेनं माणसाच्या डोक्यात पाणी साचतं, हे मला ब्रदरनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काहीही सांगता." मी चौथी शिकलेली. बाकीचं वाचन सामान बांधून येणाऱ्या वर्तमानपत्राच्या कागदांवर झालेलं. पण त्यांनी समजावलं. इतक्या उंचीवर माणूस आधी दारू प्यायल्यासारखा चालतो, मग तसाच बोलतो, मग झोपतो आणि उठत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटपर्यंत म्हणत राहतो, मी ठीक आहे.

"तोंड खोटं बोलते वहिनी. पाय नाई बोलत," ते म्हणायचे. म्हणून रेघ. तंबूसमोर एक सरळ रेघ काढायची आणि प्रत्येकाला रोज तिच्यावरून चालवायचं. रेघेवरून पाय घसरला की वर जाणं बंद, उतरा खाली. खाली उतरणं हेच त्याचं पहिलं औषध. बाकी सुई, ऑक्सिजन, सगळं त्याच्यानंतर.

बर्फात काठीनं ओढलेली रेघ वाऱ्यानं बुजायची. म्हणून एका वर्षी त्यांनी मला रांगोळी मागितली. मी चांगली बारीक, वस्त्रगाळ, पांढरीशुभ्र रांगोळी दोन पिशव्या भरून दिली. ती त्यांनी पाठीवर वाहून वरपर्यंत नेली. परत आले ते फाटकातूनच हसत.

"वहिनी, बर्फावर पांढरी रांगोळी!"

मी कपाळावर हात मारला. मग म्हटलं, "मी दिली खरी, पण तुम्ही घेतली ना? तुम्हाले तं बर्फाचा रंग माहीत होता!"

तेव्हापासून दर वर्षी लाल.

गावात त्या रेघेनं फार करमणूक केली. एका लग्नात नवरदेवाचा मामा वरातीचा ट्रॅक्टर मीच चालवतो म्हणून हट्टाला पेटला. ब्रदरनी मांडवातली रांगोळी उचलली, रस्त्यावर रेघ ओढली. "मामा, अंगठ्याले टाच लावा." मामा दुसऱ्या पावलाला बँडवाल्याच्या ढोलात जाऊन पडले. "याले शिखर नाई भेटत," ब्रदर म्हणाले, "उतरवा खाली." तेव्हापासून पोरंसोरं एकमेकांना हेच म्हणायची. तुम्हीही ऐकलं असेल.

ब्रदरना ती करमणूक चालायची. पण त्यांच्या मनात एक गोष्ट रात्रंदिवस ठुसठुसत असायची. छावणीत त्यांची रेघ होती, पण रेघेचा हुकूम नव्हता. चढाई नेणारी मंडळी वेगळी. पैसे भरून आलेलं गिऱ्हाईक म्हणालं मला वर जायचंय, तर ते नेणार. ब्रदरनी चिठ्ठी लिहून दिली, 'याला खाली पाठवा', तर ती खिशात जाणार. दुसरी गोष्ट पिशवीची. माणूस आत झोपवून चेन लावायची, पायानं पंप मारून हवा भरायची अशी एक लांब पिशवी असते. आत हवेचा दाब वाढतो, आणि माणसाला आपण बरेच खाली उतरलो असं होतं. तेवढ्यानं तो शुद्धीवर येतो, उतरवण्याजोगा होतो. अशी पिशवी प्रत्येक वरच्या छावणीत पाहिजे, आणि ती वापरता येणारी माणसं पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. होती एकच, तीही सगळ्यात खालच्या छावणीत, जिथं तिची गरज सर्वांत कमी.

शिकवायला हाताशी नमुना पाहिजे म्हणून ते जाम गावी गेले. तिथं हायवेवर ट्रकची ताडपत्री शिवणारा एक कारागीर आहे. त्याला म्हणाले, माणूस मावेल अशी पिशवी शिव. तो बिचारा घाबरला. "साहेब, पोलिसाचं काही लफडं तं नाई ना?" शेवटी शिवली. टायरमध्ये हवा भरायचा पायपंप लावला. आणि पहिला माणूस आत कोण घालायचा, तर मी!

"खऱ्या पिशवीची सर नाई याले," ते म्हणाले, "पण हात तं बसते. झोपा वहिनी, घाबरू नका."

झोपले. चेन लागली. आत ताडपत्रीचा वास, बाहेर ब्रदरचा पाय, फस फस, फस फस. एका बारक्या प्लास्टिकच्या खिडकीतून त्यांचं तोंड दिसत होतं. ते मोठ्यानं आकडे मोजत होते. पंप थांबवायचा नसतो, थांबला की आतल्या माणसाची ताजी हवा बंद. माझी नात बाहेरून ओरडत होती, "आजी, कसं वाटून राह्यलं?" मी आतून म्हटलं, "भरल्या वांग्यासारखं!" सगळी गल्ली हसली. ब्रदर हसले, पण आकडा चुकले नाहीत.

इथपर्यंत सांगायला गोड आहे. पुढचं नाही. पुढचं आठवलं की आजही तोंडात कडू पाणी येतं.

आमच्या शाळेचे पीटी सर, मूळचे समुद्रपूरचे. अंगानं काटक, स्वभावानं भोळे. त्यांनी ठरवलं, हिमालयातलं एक मोठं शिखर चढायचं. ब्रदर ज्या छावणीत जायचे तिथलीच चढाई. गावाला आनंद झाला, मलाही झाला. पण आनंद झाला की आपल्याकडे काय होतं? समिती होते. कृषी केंद्रवाले भाऊ अध्यक्ष, मी महिलांच्या बाजूनं. सरांना तब्येतीचा दाखला पाहिजे होता. एका डॉक्टरनं तो मोटरसायकलच्या सीटवर ठेवून सही केला. सरांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"नाडी तं पाह्यची होती," ब्रदर म्हणाले.

"ब्रदर, थे पीटीचे सर आहेत," डॉक्टर हसला. "त्यायची नाडी कायले पाह्यची?"

मग स्वागताचं निघालं. अजून सरांनी पायात बूट घातला नव्हता, आणि समितीत परत आल्यावरच्या स्वागताची चर्चा! मोठ्या पाहुण्यांची वेळ आधीच घ्यावी लागते म्हणे. तारीख मिळाली. बॅनरवाल्याकडे एकाच खेपेला दोन बॅनर टाकले. एक निरोपाचा, आणि दुसरा, 'शिखर सर करून परतलेल्या वीराचे हार्दिक स्वागत'. त्याच्यावर सरांचा फोटो मध्ये लहान, आणि भोवती समितीचे फोटो मोठे. माझाही होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

ब्रदर त्या बैठकीत आले. उभेच राहिले.

"भाऊ, परत यायची तारीख आपण नाई ठरवत. डोंगर ठरवते."

"ब्रदर, पाहुणे डोंगरासाठी थांबत नाई ना," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे हसले.

"बरं, मंग एक खरी पिशवी तं घेऊन द्या सरांसंगं. वरच्या छावणीत राहीन. त्यायले नाई तं कोणाले तरी कामी येईन."

अध्यक्षांनी विचारलं, वजन किती? ब्रदरनी सांगितलं, सहा-सात किलो. तर म्हणाले, एवढं ओझं सर कसं नेतील? आणि त्याच बैठकीत ठरलं की शिखरावर फोटो काढायला झेंडा मोठा पाहिजे, म्हणजे मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं वाचता येतील. झेंडा, त्याच्या काठ्या, पाहुण्यांसाठी वर टेकवून आणायची पितळी मूर्ती. ते ओझं नव्हतं. माणूस वाचवायची पिशवी ओझं होती. मी तिथंच बसले होते. पोहे वाढत होते.

ब्रदर रागावले नाहीत. ते रागवायचे नाहीत, अर्ज लिहायचे. म्हणजे लिहायची मी, कारण माझं अक्षर बरं. चढाई नेणाऱ्यांना, गिर्यारोहकांच्या मंडळांना, इकडे तिकडे. त्या वर्षीही आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. की वरच्या प्रत्येक छावणीत पिशवी असावी. की भारवाहकांना ती वापरायला शिकवावं, कारण शेवटी माणूस तेच खाली आणतात. की रेघेवर जो चुकला त्याला खाली पाठवायचा अधिकार औषधाच्या माणसाला असावा, आणि तो कोणी मोडू नये. आणि शेवटी एक ओळ, ती मला तेव्हा उगाच वाटली होती: 'छावणीतल्या माणसास घरून कोणी परत येण्याची तारीख विचारू नये.' मी विचारलं, "हे कायले?" ते म्हणाले, "लिहा तं खरं."

लिहिलं. माझ्या या हातानं.

सर गेले. ब्रदर आधीच गेले होते, माझी लाल रांगोळी घेऊन. दिवस जात होते. इकडे बायांची लेझीम बसली, मांडववाला ठरला. मध्येच पाहुण्यांकडून निरोप आला की तारीख बदलणार नाही. अध्यक्षांचा जीव खालीवर. मला म्हणाले, "काकू, तुमचं सर ऐकतात. तुम्ही लावा ना फोन."

खालच्या छावणीत फोन लागायचा. एका सकाळी लागला. सरांचा आवाज जड येत होता, मला वाटलं थंडीनं. मी म्हटलं, "सर, तारीख पक्की झाली बरं. पाहुणे येऊन राह्यले, बाया लेझीम शिकून राह्यल्या. वर जाऊन यायचं अन् वेळेवर पोचायचं. गावाची मान तुमच्या हाती आहे."

सर म्हणाले, "हो काकू. येतो काकू." आणि मग म्हणाले, "येतो काकू." आणखी एकदा म्हणाले. मी हसले. मला कळलं नाही.

त्याच सकाळी, माझ्या फोनच्या थोडं आधी, सरांचा पाय तिसऱ्या पावलाला रेघेवरून घसरला होता.

हे मला ब्रदरनी नंतर सांगितलं. त्यांनी सरांना तिथंच थांबवलं होतं. "सर, उतरा खाली. आजच." सर कबूलही झाले होते, पाठपिशवी भरायला घेतली होती. मग फोन आला. फोन झाला आणि सर म्हणाले, झोप नीट झाली नव्हती, आता ठीक आहे, मी वर जातो. ब्रदरनी चिठ्ठी लिहिली. चढाई नेणाऱ्यानं वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. "सर स्वतः जातो म्हणतात ना," तो म्हणाला, "मग तुमचं काय जातं?"

दोन दिवसांनी वरच्या छावणीतून वॉकीटॉकीवर आवाज आला की सर विचारताहेत, शाळेची घंटा झाली का?

ब्रदर पिशवी पाठीला बांधून निघाले. वय बघा, आणि ती उंची बघा. सोबत तिथले दोन भारवाहक, ज्यांना त्यांनी फावल्या वेळात पंप मारायला शिकवलं होतं. वर पोचले तेव्हा सर तंबूच्या बाहेर बर्फात बसलेले, एका पायातला बूट काढलेला. आणि त्यांच्या बाजूनं त्याच तुकडीतले लोक वर चालले होते. ऐका, नीट ऐका, मला हे सांगताना किळस येते पण सांगते. एक जण सरांचे पाय ओलांडून गेला. एक जण म्हणाला, हवामान आजच्यापुरतंच चांगलं आहे, थांबता येणार नाही. आणि एक थांबला. ब्रदरना वाटलं, हात द्यायला थांबला. त्यानं फोटो काढला.

पिशवीची चेन बर्फानं अडकली होती. हातमोज्यांनी पकडता येईना, म्हणून ब्रदरनी उजव्या हाताचा मोजा काढला. सरांना आत घातलं. मग पंप. एक थकला की दुसरा, दुसरा थकला की ब्रदर, भर दुपारी सुरू केलेला पंप ऊन कलेपर्यंत. आकडे मोठ्यानं मोजत, कारण मोजणं थांबलं की पाय थांबतो. खाली हेलिकॉप्टरचं विचारलं, तर उत्तर आलं की आधी खर्चाच्या कागदावर सही कोण करणार ते सांगा.

सही कोणी केली नाही. पण पिशवीतल्या खिडकीतून सरांनी ब्रदरकडे पाहिलं आणि ओठ हलवले. ब्रदर म्हणाले, "मले ऐकू नाई आलं, पण थो मले ओळखला." मग चटईत गुंडाळून, दोरानं बांधून, बसवत, ओढत, खाली.

सर जगले. एका पायाची बोटं मात्र गेली, अंगठ्यासकट. ब्रदरच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, ती चेन उघडणारी.

आता तुम्हाला वाटेल, स्वागत रद्द झालं असेल. पाहुण्यांची वेळ घेतलेली होती ना! सर तिकडे दूरच्या दवाखान्यात, त्यांचा भाऊ त्यांच्याजवळ. बायकोला जायचं होतं, तर समितीनं थांबवून घेतलं. सत्कार घ्यायला घरचं कोणी तरी पाहिजे. बॅनर तोच लावला. 'शिखर सर करून परतलेल्या वीराचे.' सर शिखरावर गेले नव्हते, आणि परतलेही नव्हते. अध्यक्ष म्हणाले, छापलेलं आता काय बदलायचं, लोक तेवढं वाचत नाहीत.

आणि मग ते झालं, जे आपल्याच लोकांना सुचू शकतं. पाहुण्यांच्या हातून सरांच्या गळ्यात घालायला हार आणलेला होता. सर नाहीत. हार वाया कसा घालवायचा? कोणी तरी बॅनरवाल्याकडून सरांचा मोठा फोटो करून आणला, खुर्चीवर ठेवला. पाहुणे उठले आणि त्यांनी फोटोला हार घातला. समोर उद्घाटनाची समई जळतच होती. बाजूला नारळ. टाळ्या पडल्या.

मी स्टेजवर ओवाळणीचं ताट धरून उभी. माझ्या बाजूच्या खुर्चीत सरांची बायको. तिनं त्या फोटोकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, समईकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. मला दिसलं सगळं. मी ताट तसंच धरून राहिले. माझा फोटो होता ना वर बॅनरवर!

ब्रदर त्याच दुपारी गाडीतून उतरून सरळ मांडवात आले होते. उजवा हात पांढऱ्या पट्टीत. ते मागून चालत आले, स्टेजवर चढले, डाव्या हातानं फोटोवरचा हार काढला आणि सरांच्या बायकोच्या मांडीवर ठेवला.

"जिता आहे थो," ते म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं जाजो. तुले विचारून राह्यला."

मग माईककडे वळून एवढंच बोलले, "सर शिखरावर नाई गेले. जिते उतरले. तुमच्यानं वाचवता येत नसन तं निदान खोटं नका लिहू."

आणि गाव काय म्हणालं? "म्हाताऱ्याले जळते." "यानंच अडवलं, नाई तं सर गेले असते वर." मागून कोणी शिट्टी वाजवली. पाहुणे घड्याळ बघत उतरले. त्या दिवशी मला माणसांची शिसारी आली, आणि त्यातलं सगळ्यात जवळचं माणूस मीच होते, स्वतःला टाकून कुठं जाणार?

दुसऱ्या दिवशी ब्रदर ओसरीवर बसून सगळं सांगत होते. "घरून फोन आला त्याले, अन् थो फिरला. कोणाचा होता, देव जाणे."

"माझा होता," मी म्हटलं.

त्यांनी पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "ती ओळ तुम्हीच लिहिली होती ना, वहिनी?"

"हाव."

त्यांनी उठून माझ्याच डब्यातली रांगोळी घेतली. डाव्या हातानं, वाकडीतिकडी, अंगणात रेघ काढली. "अंगठ्याले टाच लावा." मी चालले. डोळ्यांत पाणी, रेघ दिसेना. चौथ्या पावलाला गेला पाय.

"उतरा आता तुम्हीबी," ते म्हणाले. "त्या स्टेजवरून."

मी समिती सोडली. ब्रदरना मात्र पुढच्या वर्षी चढाईवाल्यांनी बोलावलंच नाही. गिऱ्हाइकाला अडवतो म्हणे. ते तरी गेले. आता तिकडेच आहेत, जिथं रस्ता संपतो त्या गावात, एका खोलीत. भारवाहकांना पिशवी शिकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला रेघेवरून चालवतात. कोणी ऐकतं, कोणी वळसा घालून जातं. तीन उन्हाळे झाले, ते परत आलेले नाहीत. मी मार्चमध्ये लाल रांगोळी पोस्टानं पाठवते.

जामची ती ताडपत्रीची पिशवी माझ्याकडे आहे. पीटी सर दर रविवारी येतात. पंप मारायला ते शिकले, आणि शाळेतल्या मोठ्या पोरांनाही शिकवतात. अंगणात शिरताना दरवेळी रेघेवर उभे राहतात. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावायची, आणि अंगठा तर नाही. तिथं रिकामा बूट आहे. टाच टेकते आणि सर डुलतात. मी म्हणते, "सर, असू द्या." ते म्हणतात, "नाही काकू, पुन्हा." आणि पुन्हा फाटकाशी जातात.

परवा अध्यक्ष आले होते. बॅनरवरचं तेच हसू. तहसील कचेरीतली एक मुलगी यंदा शिखराला चालली आहे म्हणे. "काकू, ओवाळणीचं तुमच्याकडेच बरं का. पाहुण्यांची तारीख घेऊन राह्यलो." मी म्हटलं, "भाऊ, आधी अंगठ्याले टाच लावा." ते रेघ ओलांडून निघून गेले, चप्पल घालून. चपलेखाली माझी लाल रांगोळी त्यांच्या ओट्यापर्यंत गेली असेल.

त्या मुलीचा पत्ता मला ठाऊक नाही. तुमच्यातल्या कोणाला ठाऊक असेल. तिला माझ्याकडे पाठवा, नाही तर तुम्हीच घेऊन या. पीटी सर तिला पिशवीत झोपवतील, मी पंप मारीन, आणि रांगोळीची पुडी तिच्या हातीच देईन, ब्रदरपर्यंत पोचवायला. चहा होईल, वांगी निघाली आहेत, जेवूनच जा. रेघ रोज सकाळी नवी काढलेली असते. फक्त लवकर या हो. पाहुण्यांची तारीख ठरायच्या आधी या.